चहाच्या कंपनीतली उमेदवारी

भाऊसाहेब,

माझा नातू सोमवारपासून सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात हिशेब खात्यात उमेदवारीला जायला लागलाय. आता त्याला ट्रेनी म्हणतात. पहिल्याच दिवशी त्याला फिरती खुर्ची मिळाली, गळ्यात घालायला फोटोचं कार्ड मिळालं आणि दुपारी कॅन्टीनमध्ये पुलाव मिळाला. संध्याकाळी त्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला पहिल्या दिवशी काय मिळालं होतं?" मी म्हटलं, "बसायला सतरंजीचं टोक." त्याला ती थट्टा वाटली. तुम्ही असतात तर तुमची साक्ष काढली असती. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली याचा हिशेब मी मुद्दाम करत नाही.

साल पस्तीस असेल, नाहीतर छत्तीस. वडील मी लहान असतानाच गेलेले, आई सायखेड्याला शेतीचं बघत होती आणि मी नाशकात मामाकडे राहून मॅट्रिक झालो होतो. मामा मला घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला. चहाची एवढी मोठी कंपनी, कलकत्त्याला मुख्य कचेरी, मुंबईला गोरा साहेब, आणि मेनरोडवरच्या माडीवर तुम्ही, जिल्ह्याचे मुख्य हिशेबनीस. मामाने भीतभीत पगाराचं विचारलं. "उमेदवाराला पगार नसतो. शिक्षा असते," तुम्ही म्हणालात. तुमच्या मनात संस्कृतातली शिक्षा, म्हणजे शिकवण. मामाला मराठीतलीच कळली. तो म्हणाला, "ती भरपूर द्या. आमची तक्रार नाही."

ती तुम्ही दिलीत. पहिले कित्येक महिने मला टाक धरू दिला नाहीत. मी कोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीने रेघा मारायचो आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून त्या बघायचात. "ही रेघ कुठे निघालीय? त्र्यंबकला?" पुढे बेरजा आल्या. बेरीज मनात करायची नाही, मोठ्याने करायची, म्हणजे चूक कुठे झाली ते सगळ्या कचेरीला कळतं. माझ्या तोंडून "एकोणीस हाय" गेलं की तुम्ही "आहे" म्हणायला लावून पुन्हा वरपासून सुरुवात करायला लावायचात. एका "हाय"पायी माझी आख्खी बेरीज रद्द व्हायची.

दुपारी शिपाई सगळ्यांना चहा आणायचा, कंपनीचाच, फुकट. तुम्ही मात्र तुमच्यापुढचा कप आखणीच्या पट्टीने बाजूला सरकवायचात. "ज्याचा हिशेब ठेवायचा त्याची चव घेऊ नये," असं तुम्ही मला सांगितलंत. मला ते तत्त्व फार थोर वाटलं. मामाने खरं कारण सांगितलं, ते अगदी साधं होतं. तुमच्या आळीत बाहेरच्या हातचं पाणीसुद्धा चालत नसे. तुमचा तांब्या घरून यायचा. चहाच्या कंपनीत जन्म काढलेला माणूस, आणि चहा कसा लागतो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तेव्हा लोकांना चहाची सवय अजून लागायची होती. कंपनीची रंगवलेली मोटार आठवड्याच्या बाजारांना जायची, आज दिंडोरी, उद्या आणखी कुठे, आणि फुकट चहा वाटायची. मोटार हाकणारे आणि चहा करणारे एकच, नाशकातलेच एक मुसलमान गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. उमेदवारीच्या शेवटच्या वर्षी तुम्ही मला त्यांच्याबरोबर पाठवायला लागलात, किती कप खपले ते लिहून आणायला. अशात मुंबईचा साहेब प्रत्यक्ष बाजार बघायला येणार असं कळलं, आणि बाजार निघाला सायखेड्याचा. लोक चहा प्यायले नाहीत तर मोटार बंद होणार, चाचांची नोकरी जाणार आणि मी काही पक्का होणार नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग माझ्या विटक्या सदऱ्याकडे बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी घरून तुमचा एक जुना काळा कोट आणलात. "लग्नाच्या वर्षीचा आहे. वापर." लग्नाच्या वर्षीही तुमची तब्येत चांगलीच असावी. त्या कोटात मी आणि चाचा दोघं मावलो असतो.

सायखेड्याचा बाजार. गोदावरीपासून थोडं वर, झाडाखाली मोटार उभी आहे. साहेब खुर्चीवर, तुम्ही त्याच्या बाजूला उभे, मी तुमच्या कोटात. चाचा मोटारीच्या पायरीवर चढून ओरडतायत, चहाने तरतरी येते, डोकं दुखायचं थांबतं, चहा पोराला चालतो, म्हाताऱ्याला चालतो, उपासालासुद्धा चालतो. माणसं गोल करून उभी आहेत आणि एकही पुढे येत नाही. चहाने रक्त आटतं, असं गावात कुणीतरी उठवलंय. तेवढ्यात गर्दीतून माझी आई पुढे आली. तिला खरं तर माझा कोट बघायचा होता. तिने तो पुढून पाहिला, मागून पाहिला, बोटांच्याही खाली आलेल्या बाह्या वर सारून पाहिल्या, आणि मग चाचांच्या हातातला कप घेतला. मला हायसं वाटलं. पण ती प्यायली नाही. तुमच्याकडे वळून तिने पदर सावरला.

"दादा, तुमी माझ्या पोराला शिकवलं. आमच्या गावात पावनं तुमी. तुमच्या आधी मी कशी पिऊ?"

चाचांना तुमचं सगळं माहीत होतं. ते घाईघाईने म्हणाले, "माई, भाऊसाहेबांचा आज उपास आहे."

"मंग बरं झालं," आई म्हणाली. "उपासाला चालतो म्हनून तुमीच सांगितलं की मघाशी."

साहेबाला यातलं काही कळलं नव्हतं, पण आता काहीतरी होणार एवढं त्यालाही उमगलं आणि तो खुर्चीत पुढे सरकला. तुम्ही चाचांकडे बघितलंत, आईकडे बघितलंत आणि शेवटी माझ्याकडे. मग आईच्या हातातला कप घेतलात, डोळे मिटलेत आणि एरंडेल घ्यावं तसा तो रिकामा केलात. सगळे तुमच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसा हाय?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलं नाही. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "साखर जास्त आहे."

ही तक्रार होती. सायखेड्याने ती तशी ऐकलीच नाही. "साखर जास्त हाय, साखर लय हाय," असं गर्दीच्या टोकापर्यंत पोचलं आणि माणसं मोटारीवर तुटून पडली. आईने दोनदा घेतला. पोरं रिकामे कप चाटत होती. चाचांचं दूध संपलं, मग पाणी संपलं, तरी लोक हलेनात, त्यांनी नुसती साखर मागितली. साहेब उठून टाळ्या वाजवायला लागला. माझी पेन्सिल मोडली.

त्या गोंधळात तुम्ही एकटेच नदीकडे चालायला लागलात. हे कुठे निघाले, असं साहेबाने मला विचारलं. प्रायश्चित्ताला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून मी नुसतं "वॉकिंग" म्हटलं आणि तुमच्यामागे धावलो. मला वाटलं, तुम्ही आता बुडी मारणार. तुम्ही काठावर उकिडवे बसून, रुमालाचं टोक भिजवून, धोतरावरचा डाग पुसत होतात.

"चहाचा डाग जात नाही म्हणतात. खरं का?"

"खरं हाय," मी म्हटलं.

"आहे," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मी कौतुकाच्या आशेने कचेरीत आलो आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. फुकटचे कप गावकऱ्यांसाठी होते. तुम्ही गावकरी नव्हतात. मग तुमचा कप मी त्यांच्यात कसा धरला? तुम्ही खिशातून त्याचा पैसा भरलात आणि माझ्याकडून पावती घेतलीत. महिन्याभराने मुंबईहून पत्र आलं. मी पक्का झालो, चाचांची मोटार राहिली आणि तुम्हाला जाहिरात खात्यात यायला आवडेल का, अशी विचारणा झाली. हा अपमान तुम्ही फार दिवस मनात ठेवलात.

सायखेड्याची बातमी तुमच्या आळीत तुमच्याआधीच पोचली होती. प्रायश्चित्त घ्या, असं सांगायला चार प्रतिष्ठित लोक तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला कधी कळलं नाही. एवढंच कळलं की त्या वर्षी तुमच्या पंगतीला कुणी आलं नाही आणि मुंजींच्या दिवसांत तुम्हाला कुणाचंच आमंत्रण आलं नाही. "बरं झालं, पोट उतरेल," तुम्ही म्हणालात. ते उतरलं नाही. मग एका रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तोवर मी कागद घेऊन यायचो तो ओसरीवरूनच परत जायचो. त्या दिवशी काकूंनी माझा पाट आत, तुमच्या पाटाशेजारी मांडला. श्रीखंड होतं, अळूची भाजी होती, पंचवीस माणसांना पुरेल एवढं. "सवय झालीय हो एवढं करायची," काकू म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसून वाढायला लागल्या. तुम्ही माझं पान रिकामं दिसलं की नुसतं बोट दाखवायचात. मी उठताना काकूंनी चाचांसाठी डबा बांधून दिला.

हे सगळं मी परवा नातवाला सांगितलं. तो खूप हसला. मोबदल्यात त्याने मला कॅन्टीनमधल्या पुलावाचं वर्णन ऐकवलं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते उशाखालीच राहील. तरी एक सांगतो. बोलता बोलता त्याने मध्येच विचारलं, "पण तो चहा प्यायलं कोण?" आणि माझ्या तोंडून गेलं, "आमचे वडील." चूक दिसली की तिथल्या तिथे खोडून शेजारी बरोबर लिहायचं, हे तुम्ही मला शिकवलंत. ही मी तशीच राहू दिली.