दारात आलेली बैलगाडी

आई, आज डहाणूला जाऊन आलो. आपलं घर होतं तिथे आता काहीच नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या आपल्याला समुद्राकाठच्या त्या वस्तीत सगळे ‘निर्वासित’ म्हणायचे. मला बरेच दिवस ते आपलं आडनावच वाटायचं. बाबा चिकूच्या वाडीत राखणीला जायचे, तू अडखळत मराठी बोलायचीस आणि धाकटी दिवसभर माझ्या मागे मागे असायची.

तिचा घसा सुजला ती सकाळ. तिला श्वास घेता येत नाहीये आणि तू दारोदार बैलगाडी मागते आहेस. घटसर्प आपणच आणला, असं वस्तीत पसरलं होतं. गाडीवाल्याने जुंपलेले बैल सोडले आणि घरात लहान पोरं आहेत म्हणाला. खोटं नव्हतं ते, त्याला पोरं होतीच. तू तिला उचलून चालत निघालीस, मी तुझी ओढणी धरून. शेजारची मावशी बोंबील वाळत घालत होती, ती हातातलं टाकून आपल्यामागे आली. दवाखान्यात तुझं बोलणं ऐकून तुला रांगेत शेवटी बसवलं, तेव्हा मावशी पुढे झाली. “माझी नात हाय ही. आधी हिला बघा.” मग लगेच आत घेतलं, इंजेक्शन दिलं. उन्हं कलण्याआधी धाकटी गेली. जरा लवकर आणायला हवी होती, असं डॉक्टर मावशीला म्हणाले. तुझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काही दिवसांनी माझा घसा धरला. तू दार उघडतेस तर बाहेर गाडी उभी. तोच गाडीवाला. गवतावर त्याच्या घरची गोधडी अंथरलेली. “बस, बाय,” एवढंच म्हणाला, तेही खाली बघत. तू गाडीत चढलीस. मला मांडीवर घेऊन बसलीस आणि दवाखाना येईपर्यंत डोळे मिटून होतीस. मी वाचलो. पुढे त्याच वस्तीने मला आपलं मानलं. माझ्या लग्नात त्या गाडीवाल्याला तू आग्रह करून वाढलंस. वाढताना तुझ्या मनात काय होतं, ते विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

हे पत्र आता कुठे धाडणार? घडी घालून कपाटात ठेवतो. एकच सांगायचं होतं. धाकटीचा चेहरा मला आठवत नाही, आई. आठवतो तो तुझा, तिला खाली ठेवतानाचा.