मुलामा सुटला

बुधवार, दुपार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

आज सकाळी आमच्या लॅबच्या मॅडमनी स्वतः डिश उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "कडं नाहीये." मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली. तरी नव्हतंच.

कडं म्हणजे काय ते सांगते. आमचे स्क्रू मक्यापासून केलेल्या प्लास्टिकचे. हाड जुळेपर्यंत धरून ठेवतात, मग अंगातच हळूहळू विरघळतात. जंतू बसू नयेत म्हणून वर चांदीचा पातळ मुलामा. जंतू वाढवलेल्या डिशमध्ये असा तुकडा ठेवला की भोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल उमटतो. तेच कडं. नव्या तुकड्याला ते येतंच. म्हणून काही तुकडे आम्ही अंगाइतक्या कोमट मिठाच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे ठेवतो आणि मग तपासतो. या खेपेचे तुकडे शनिवारी बाहेर काढले, तर मुलामा पापुद्र्यासारखा सुटून तळाशी बसला होता. प्लास्टिक पुरतं वाळायच्या आत मुलामा चढवला गेला असावा, असं मॅडम म्हणतात. डिशमध्ये जंतू तुकड्याला अगदी खेटून वाढले होते.

इकडे हवा बरी आहे. माझ्या खोलीतला नळ अखेर दुरुस्त झाला. प्लंबर म्हणाला, "ताई, वायसर गेला होता, तुम्ही उगाच अख्खा नळ बदलायला निघालात."

दादा, नळाचं काय लिहीत बसलेय मी. आप्पांच्या घोट्यातला स्क्रू याच खेपेतला आहे. मॅडमनी हॉस्पिटलला विचारून खात्री केली.

तुझ्या कामावर फोन बाहेर ठेवावा लागतो आणि घरी आप्पा स्पीकर लावल्याशिवाय कुणाला बोलू देत नाहीत, म्हणून हा मेल. सुटलास की गेटपाशीच वाच. घरी जाऊन वाचू नकोस, तुझा चेहरा त्यांना लगेच कळतो.

स्क्रू बसवला तेव्हा ते काय म्हणाले होते, आठवतं? "चांदीचा मुलामा? मग पायाला कुलूप लावा, चोर घेऊन जातील!" सगळा वॉर्ड हसला होता. या रविवारी मला म्हणाले, "पाय जरा गरम लागतोय गं. हाड जुळतंय, आत भट्टी पेटलीय." मीही हसले. फोन ठेवल्यावर निकाल यायचाय अजून, असं स्वतःला बजावत राहिले.

मुलामा गेला म्हणजे जंतू आलेच असं नाही. आले तर त्यांना अडवायला तिथे काही नाही. आणि हाडात एकदा शिरले की ते सहजासहजी निघत नाहीत.

आज घरी गेल्यावर मोजे बदलायचं निमित्त काढ आणि दोन्ही घोटे हाताने चाचपून बघ. लाली, सूज, जखमेतून पाणी, काहीही दिसलं किंवा ताप असला तर उद्यावर ढकलू नकोस, तसाच घेऊन जा. ते "काही नाही रे" म्हणतील. दाढ दुखत होती तेव्हाही हेच म्हणत होते, गाल चेंडूएवढा झाला तरी.

संध्याकाळपर्यंत तुला हॉस्पिटलचा फोन येईल. उद्या सकाळी रक्त तपासतील, घोट्याचा फोटो काढतील आणि मग स्क्रू काढायचा की ठेवायचा ते सर्जन ठरवतील. मी रात्रीच्या गाडीने निघतेय. त्यांना आत न्यायच्या आधी पोचेन.

तोवर मोठं काही लिहू नकोस. घोटा चाचपलास की "गार" किंवा "गरम", एवढा एकच शब्द पाठव.

लहानपणी तू मला ज्या नावाने चिडवायचास, ते आज मीच खाली लिहितेय. चिडलेली नाही.

तुझी,
भित्री भागूबाई