खांदेमळणीला कळलेला जर्मन शब्द

प्रिय सायली,

बाळंतपणाला जर्मनीला ये म्हणून तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी गाईंचं निमित्त सांगितलं. रागावलीस, बरोबरच आहे. पोटुशी लेक परमुलखात आणि आई हिवरे बाजारात शेण काढत बसलीय! पण खरं सांगू? काम टाकून मी कधी कुठं गेलेच नाही गं. भ्यायले होते.

मग तू रुसून फोन बंद केलास आणि मोबाईलवर नुसता एक शब्द लिहून पाठवलास, अर्थासकट. फायरआबेंट. तुमच्या दवाखान्यात नर्सांची ड्युटी संपली की म्हणायचं फायरआबेंट. घरी जाऊन निवांत बसायचं, त्या वेळेचंही नाव तेच. कुणी फार ताणलं तर 'बास, पुरे आता' म्हणूनही तेच. एका शब्दाला किती राबवता गं बायांनो! मी म्हटलं, आमच्यात असलं काही नसतं. काम संपलं की चूल असतेच.

पण खाली तू लिहिलं होतंस, मुळात तो शब्द सणाच्या आदल्या संध्याकाळचा, काम थांबवायच्या वेळेचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझे आबा बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते, तेव्हा त्यांना ते वाचून दाखवलं. तर म्हणाले, अगं, ही तर आपली खांदेमळणी! जू उतरवायचं, खांदे मळायचे, उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. आणि काय मनात आलं देव जाणे, तेच लोण्याचे हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, गोजर, तुझं जू आता माझ्याकडं दे. लग्नानंतर पहिल्यांदा नाव घेतलं. बैलांसमोर लई लाजले बघ मी.

पोळा झाला आणि आबा धारेला बसू लागले. तांबडी नुसती लाथा झाडायची. शेवटी माझं जुनं लुगडं अंगाला गुंडाळून बसले, तेव्हा कुठं तिनं पान्हा सोडला. शेजारची बनुबाई हसून हसून खालीच बसली. आता लुगडं लागत नाही, डेअरीला दूधही वेळेत जातं.

सायले, हे फोनवर मुद्दामच सांगितलं नाही. अमृतरावांनी तुझ्या नकळत सगळी कागदपत्रं केली. जावई मिळावा तर असा! हे पत्र पोस्टातही टाकलेलं नाही. आत्ता त्यांनीच तुझ्या हातात दिलं ना? मी तुमच्या जिन्यात उभी आहे, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. रडू नकोस, दार उघड पोरी, पाय लई गारठलेत.

तुझीच,
आई