रंगवलेल्या दारांचं सरपण

११ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा ट्रक पोचला. ड्रायव्हरकाका बाहेर चहा घेताहेत. लाकूड मात्र मी उतरवू दिलेलं नाही, ते भरल्या गाडीनेच परत येतील. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू बोलायला लागलास की मला "हो दादा"च्या पुढे जाता येत नाही. म्हणून ही चिठ्ठी काकांच्याच हाती देतेय.

बेकरी बरी चालली आहे. यांचा गुडघा कुरकुरतो, पण यांच्यापेक्षा कमीच.

आमचा रेडिओ बंद पडलाय, दादा. झोपेतही बोलते म्हणून तूच पोरीला हे नाव ठेवलंस. थंडी सुरू झाली तशी ती पोट दुखतं म्हणायला लागली. मला वाटलं, शाळा बुडवायची नाटकं. एकदा धपाटाही घातला. मग शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं की येत असलेले पाढे विसरते, वर्गात डोकं टेकून बसते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं.

रक्तात शिसं निघालं. शिसं! आमच्यावर तर आभाळच कोसळलं.

हे म्हणाले, "शिसपेन्सिल चावायची खोड आहे तिला, त्यानेच झालं असेल."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "शिसपेन्सिलीत शिसं नसतं हो. भट्टीत काय जाळता तुम्ही?"

यांची छाती अशी फुगली! "लाकूड. मेहुण्याची वखार आहे ना. पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या. खडखडीत वाळलेली, काडी लावायचा अवकाश."

"रंगवलेली?"

"मग काय! जुना ऑइलपेंट, चार-चार हात दिलेला."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

जुन्या रंगांत शिसं असायचं म्हणे. जाळलं की ते धुरात येतं, धुरातून श्वासात, आणि उरलेलं राखेत. आणि आपली पोर बसायची कुठे, तर भट्टीच्या तोंडाशी, उबेला. रंग पेटला की निळा-हिरवा जाळ निघतो, तो तिला बघायला आवडतो म्हणून मीच तिथे स्टूल ठेवलं होतं. भांडीही मी त्याच राखेने घासत होते. मला अजून खरं वाटत नाही.

"विसरलेलं परत येईल ना?" मी विचारलं.

"काही येईल, काही कदाचित नाही येणार. आणखी जाऊ नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे," त्या म्हणाल्या.

भट्टी त्या दिवसापासून बंद आहे. म्हणजे बेकरी बरी चालली आहे, हे वर लिहिलं ते खोटं.

तुझा दोष नाही, दादा. बहिणीला सरपण कमी पडू नये म्हणून तू मायेने पाठवत होतास. तुला तरी कुठे ठाऊक होतं?

पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलेलंच नाही, हात धजत नाही. तुझ्या वखारीतली माणसं थंडीत दारांचे तुकडे पिंपात पेटवतात, आणि ते पिंप तुमच्या जिन्याशी असतं. मागच्या महिन्यात मी आले तेव्हा वहिनी तिथेच खुर्ची टाकून शेकत होत्या. त्यांना सातवा महिना आहे, दादा. इतक्या वर्षांनी. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पोटातल्या बाळापर्यंत पोचतं का हे? त्यांनी "पोचतं" म्हटलं, आणि लगेच विचारलं, "कोण आहे?"

मी सांगितलं. त्यांनी उद्या सकाळची वेळ दिली आहे.

वाचून झालं की आधी ते पिंप विझव. वहिनींना वर घरात ने. मग मला काय बोलायचं ते बोल, मी सगळं ऐकून घेईन. पण उद्या त्यांना घेऊन ये.

तुझी धाकटी बहीण,
आणि त्या बाळाची आत्या