त्या केशरी सापाचं मी काय करू?

प्रिय अहो,

इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. तुम्ही गिरणीत, मी घरात, मधे एक भिंत. काही सांगायचं असलं की मी भिंतीवर थाप मारायची आणि तुम्ही पट्टा थांबवून यायचात. आता ज्या कामासाठी लिहिते आहे त्याचं उत्तर मला रविवारपर्यंत द्यायचंय, आणि ज्याला विचारावं तो माणूसच घरात नाही.

आपल्या घरात साप आहे. दचकू नका! पण तुम्ही कसले दचकताय? दचकायचं काम तुम्ही माझ्यावर आणि तुमच्या आईंवर टाकून गेलात.

तुमचा मोबाइल मी बंद केला नाही. गॅसचा नंबर, बँकेचं सगळं त्याच्यावरच. त्यामुळे लोकांचे फोन अजून येतात. "साप निघालाय, लवकर या." मी सांगते, ते आता नाहीत, सलीमभाईंना लावा. साप धरायला तुम्ही दोघं मिळून जायचात, आता ते एकटे जातात.

थंडी सुरू झाली होती तेव्हा असाच एक फोन आला. क्लासेसच्या भागात पोरांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या एक बाई होत्या. रिकाम्या खोलीत डबा सापडला, डब्यात साप. सलीमभाई त्या दिवशी लग्नाला अहमदपूरला. मी तसं सांगितलं तर बाई रडकुंडीला आल्या. "काठ्या घेऊन जमलेत हो सगळे. माझ्या घरात जीव जायला नको. तुम्ही तरी या!"

का गेले मी? अजून मला कळलेलं नाही. पिठाचे हात पदराला पुसले आणि गाडी काढली, एवढंच आठवतं.

खोलीच्या भिंतींवर सूत्रांचे कागद चिकटवलेले तसेच होते. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा मोठा डबा, झाकणाला भोकं. आणि आत ती. पळसाच्या फुलासारखी केशरी, अंगावर तांबडे ठसे, तुमच्या कमरेच्या पट्ट्याएवढी लांब. बाई म्हणाल्या, "नांदेडचं पोरगं राहायचं. अभ्यास झेपंना म्हणून बाप येऊन घेऊन गेला. सामान नेलं, हे ठेवलं. बापाला फोन केला तर म्हणतो, फेकून द्या."

दारातला एक माणूस म्हणाला, "रंगावरूनच कळतंय, लई विषारी हाय." आणि त्यानं काठी पुढे केली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेते." झाकणाची शेवटची क्लिप मला बसेना, ती त्या बाईंनीच लावली.

सलीमभाई संध्याकाळी आले. डब्यात वाकून बघितलं आणि हसले. "भाभी, हा आपल्या मुलुखातला न्हाई. अमेरिकेतला हाय. कॉर्न स्नेक म्हणतेत. लोक शौक म्हणून पाळतेत. जहर बिलकुल न्हाई. मादी वाटतीय."

"मग सोडून या कुठंतरी रानात."

"कसं सोडायचं? तिला इथलं रान माहीत न्हाई. अन् लोकायला ती माहीत न्हाई. दिसली की मारतेत."

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या ऑफिसातही तेच ऐकलं. परदेशी साप, जंगलात सोडता येत नाही. पुण्याकडच्या एका केंद्रात ठेवतात, पण तिथं जागा नव्हती. जागा झाली की कळवू, म्हणाले. तोवर सांभाळा.

सलीमभाई आले होते त्या संध्याकाळी आई सगळं ऐकत होत्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सलीमभाई गेल्यावर विचारलं, "मंगल, ह्यो त्योच हाय का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, "नाही हो आई. ह्यांना चावला तो नाग होता. ह्याला विषच नसतं."

"विष न्हाई?" त्यांनी डब्याकडं बघितलं. "मग माझ्या बसूकडं असला का न्हाई आला?"

काय सांगायचं मी त्यांना? तुम्हीच सांगा ना!

तुम्हाला सांगू, त्या रेणापूरच्या शेतातल्या गोठ्याचा व्हिडिओ मी पाहिलाय. गर्दीतल्या कुणीतरी काढला आणि तो फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आला. सोयाबीनच्या पोत्यांमागून तुम्ही नाग काढलात. लोक शिट्ट्या मारत होते. बोटाला त्यानं धरलं तेव्हा तुम्ही नुसता हात झटकलात, आणि हसलात! आधी त्याला पिशवीत घातलंत, तोंड बांधलंत, शेतकऱ्याशी दोन शब्द बोललात. मग मला फोन केलात, "जेवायला उशीर होईल, तुम्ही दोघी जेवून घ्या." आणि एकटेच गाडीवर बसून दवाखान्याकडं निघालात. वाटेतच पडलात. अहो, कुणाला तरी मागं बसवून न्यायचं होतं की! मला एवढं तरी सांगायचं होतं, की मंगल, चावलाय. मी आईंना वाढलं आणि स्वतःही जेवले हो. पोटभर जेवले.

गिरणीवर तुम्ही गिऱ्हाइकाची ज्वारी अर्धी दळून सोडून जायचात, त्याचा मला राग यायचा. आता वाटतं, त्या रागाला निदान काही अर्थ होता. त्याच्यानंतर जो राग बसलाय तो मी कुणावर काढू? तुम्हाला समाधी दिली, मातीत बसवलं, वर बेल वाहिला, तेव्हासुद्धा मला तुमचा हात धरून ओढून काढावंसं वाटत होतं. भांडायला.

असो. सापाचं सांगते.

वरच्या पत्र्याच्या खोलीत तिचा डबा ठेवला. खाली वर्तमानपत्र, पाण्याला वाटी, लपायला फुटक्या मडक्याचा अर्धा भाग. हे सगळं सलीमभाईंनी सांगितलं. मला काहीच येत नव्हतं. तुम्ही मला कधी जवळ येऊ दिलंत? "तू लांब हो," एवढंच शिकवलंत.

खरी पंचाईत खाण्याची. ती उंदीर खाते, दुसरं काहीच नाही. ज्या घरात अंडं कधी आलं नाही, त्या घरात! गिरणीत उंदरांची काय कमी, पण सलीमभाई म्हणाले ते चालत नाहीत, त्यांच्या अंगात रोग असतो. नांदेडला कुणीतरी पांढरे उंदीर वाढवतो, त्याच्याकडून ते मेलेले, बर्फात गोठवलेले आणायचे. आपल्या फ्रिजमधे ठेवायचा प्रश्नच नव्हता, ते उंदीर सलीमभाईंच्या घरी राहायचे. दर आठवड्याला ते एक घेऊन यायचे आणि मी चिमट्यानं धरायचे. पहिल्या वेळी मी तोंड फिरवून रडले. मग खाली येऊन अंघोळ केली, तरी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजा करायचं धाडस होईना. आईंनी जिन्याच्या खालून विचारलं, "खाल्लं का तिनं?" मी नाही म्हटलं.

तिनं पुढच्या खेपेलाही खाल्लं नाही. मग एक दिवस बघते तर तिचे डोळे पांढरे! दुधाळ, निळसर. रंगही विटलेला. आंधळी झाली, माझ्या हातून काहीतरी झालं, म्हणून मी गिरणी बंद करून सलीमभाईंना फोन लावला. ते हसायला लागले. "भाभी, कात टाकणार हाय. पाणी ठेवा अन् हात लावू नका." आणि खरंच, काही दिवसांनी मडक्याच्या शेजारी पातळ कागदासारखी कात पडलेली होती, आणि ती नव्या रंगात चकचकत होती. त्या आठवड्यात तिनं खाल्लं. मला आनंद झाला हो. झाला, हे लिहायला संकोच वाटतो. तुम्हाला ज्यानं नेलं त्याच्या जातीचा जीव जेवला म्हणून मला आनंद झाला!

मग उन्हाळा आला. आपली पत्र्याची खोली कशी तापते तुम्हाला माहीत आहे. सलीमभाई म्हणाले, "इथं ठेवली तर जाईल ती. खाली आणा." मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझं घर हाय, आण." म्हणून कूलरच्या खोलीत डबा आणला. मागच्या आठवड्यात पाणी बदललं आणि घाईत एक क्लिप नीट बसवली नाही. गिरणीवर गर्दी होती, कुणीतरी हाका मारत होतं. एवढंच कारण.

दुपारी गल्लीत आरडाओरडा ऐकला. धावत आले तर आपल्या दारात माणसं, दोघातिघांच्या हातात काठ्या. आणि उंबऱ्यावर आई. दोन्ही हात चौकटीला लावून, दार अडवून.

शेजारच्या भाऊजींनी सांगितलं, "अहो वहिनी, चुलीपाशी साप निघालाय अन् ह्या आत जाऊ देत न्हाईत. समजवा जरा."

आई ओरडल्या, "म्या सांगितलं ना, हितं कुणी मारायचं न्हाई! बसूच्या घरात न्हाई!"

मी त्यांच्या हाताखालून आत गेले. ती पिठाच्या डब्यामागं वेटोळं घालून बसली होती. मी तिला उचललं, नुसत्या हातांनी. गार, कोरडी, आणि माझ्याइतकीच घाबरलेली. डब्यात ठेवली, सगळ्या क्लिपा दाबल्या, पुन्हा दाबल्या.

लोक गेल्यावर आई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, "फोन आला की त्यो निघायचा. मीच म्हणायचे, जा बाबा, लोकायच्या उपयोगी पड. चारचौघींत सांगायचे, माझा लेक नागाला हात घालतो. एक दिवस तरी दार असं अडवायचं होतं म्या."

मी त्यांना जवळ घेतलं. आम्ही दोघी याआधी अशा एकत्र रडलो नव्हतो. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल, चला, आईंची भीती गेली, आता सगळं ठीक. अहो, तसं झालं नाही. त्या दिवसापासून त्या जमिनीवर पाय टेकवत नाहीत. बाजेवर पाय वर घेऊन बसतात. स्वयंपाकघरात यायला तयार नाहीत. चादर चार वेळा झटकायला लावतात. झोपेत तुमचं नाव घेतात. डबा मी कुठंही ठेवला तरी त्यांची नजर तिकडंच.

आणि काल वनखात्याचा फोन आला. पुण्याकडं जागा झाली आहे. रविवारी गाडी येणार. द्यायचा असेल तर सांगा.

मी आईंना सांगितलं. मला वाटलं सुटल्यासारखा श्वास सोडतील. त्यांनी विचारलं, "तिकडं तिला कोण बघंल?" सलीमभाई म्हणतात, "भाभी, चांगली सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. ठेवायची असंल तर मी हाय."

तुम्ही असता तर ठेवली असती. मला माहीत आहे. डोळे चमकले असते तुमचे. चारचौघांना बोलावून दाखवली असती, आणि आईंना म्हणाला असतात, "काही करत न्हाई गं, हात लाव." आईंनी तुमच्यासाठी हात लावलाही असता. तुमच्यासाठी त्यांनी आपली भीती नेहमीच गिळली. माझ्यासाठीही आता तेच करतायत.

ते मी होऊ देणार नाही. हे पत्र मधेच ठेवून मी आत्ता वनखात्याला फोन करून कळवलं, की देते.

मला तिची सवय झाली होती, हे खोटं नाही. पण वनखात्याच्या लोकांच्या हातात डबा देऊन दार लावून घेणार नाही. गाडीत बसून जाणार आहे, तिला कुठं ठेवतात, कोण खायला घालतो, ते डोळ्यांनी बघणार आहे, आणि परत येऊन आईंना सगळं सांगणार आहे. हा शब्द देते तुम्हाला. आणि दुसरा हा, की आईंचे पाय पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत मी त्यांच्याच खोलीत झोपेन. जीव वाचवायचात तुम्ही. मला या घरात एकच वाचवायचाय.

तुमचीच,
मंगल