सोळा नंबरचे पाटे

मुरुम, ता. ४ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप दादांस,
धाकट्या नीलाचा सा. न. वि. वि.

आधी बातमी, खुशाली मागाहून. आबा चालवायचे त्या सोळा नंबरच्या सर्व्हिस मोटारीची छोटी प्रतिकृती मी करायला घेतली आहे! फुटाला अर्धा इंच या मापानं, म्हणजे सगळी मोटार फूटभर लांबीची. तुम्ही जिला ‘खुळ्यांची वही’ म्हणता, त्या आमच्या फिरत्या वहीत मी हे जाहीर केलं मात्र, जिल्ह्यातले छोट्या मोटारींचे सगळे नादिष्ट सल्ले घेऊन तुटून पडले. वही कंडक्टरांच्या पिशवीतून गावोगाव हिंडून परत आली तर माझ्या एका पानाला नऊ पानं उत्तर!

ईट गावचे बलभीम सुतार लिहितात, टपाला सागवानच घ्या, आंब्याचं लाकूड वैशाखात तडकलं तर मला तोंड दाखवू नका. काचांसाठी एक्स-रेची जुनी फिल्म सोड्याच्या पाण्यात धुवायची, टायर सायकलच्या ट्यूबचे कापायचे. खालचा सांगाडा, चाकं आणि स्प्रिंगा येरमाळ्याचे मकबूलभाई करून पाठवणार आहेत. आबांच्या गाडीवर क्लीनर होते, ते तुम्हाला आठवत असतील. आता त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे. इकडे यांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर मी कबजा केला आहे. सासूबाई कानडीत काहीतरी पुटपुटतात खऱ्या, पण परवा लाकूड चिकटवायचा सरस त्यांनीच वितळवून दिला.

दादा, दिवाळीत आबांची उरलीसुरली नजर गेली, तेव्हापासून ते स्टँडवर गेले नाहीत असं तुम्ही लिहिलंत, ते माझ्या मनातून जात नाही. घरात बसून नुसत्या आवाजावरून कुठली गाडी आली ते सांगणारा माणूस! मला एवढंच हवं आहे, की त्यांनी हात फिरवावा आणि कुणी न सांगता ओळखावं, ही आपली सोळा नंबर. पाडव्याला द्यायची आहे, तोवर त्यांना पत्ता लागू देऊ नका. घरातला तो जुना फोटो लगेच पाठवा.

आबा अजून तसेच उजवीकडे कलून बसतात का हो? ते बसणं आठवलं की मला हसू येतं आणि रडूही येतं.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
नीला

तुळजापूर, ता. ११ फेब्रुवारी १९६१

चि. सौ. नीलास अ. उ. आ.

फोटो सोबत आहे. एका बाजूनं काढलेला असल्यानं गाडीचं एकच अंग दिसतं, पण खिडक्या मोजता येतील. शाळेच्या तपासायच्या वह्या बाजूला ठेवून मी कालची दुपार त्या खिडक्या मोजण्यात घालवली. तेव्हा खुळ्यांत माझंही नाव घाल!

आबांचं म्हणशील तर तब्येत ठीक, पण बोलणं तुटलं आहे. स्टँडवर नेतो म्हटलं तर म्हणतात, आंधळ्यानं मोटारी बघायला जायचं म्हणजे लोकांना तमाशा. कलून बसणं मात्र तसंच. भिंतीवर त्यांच्या उजव्या खांद्याच्या तेलाचा डाग पडला आहे. तुझ्या वहिनीनं, चारुशीलेनं, त्या बाजूला तक्क्या ठोसून त्यांना सरळ बसवायचा चंग बांधला आहे. तक्क्या हरतो, आबा जिंकतात.

तू मात्र त्यांनी ओळखलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. पोरीनं केली, एवढ्यानंही ते सुखावतील.

तुझ्या यजमानांना, विरुपाक्षरावांना, नमस्कार. खुशाली कळवत जा.

तुझा
राघवेंद्र

मुरुम, ता. १३ मार्च १९६१

ती. दादांस सा. न. वि. वि.

झाली! हे लिहिताना बोटांना अजून रंग आहे. काल रात्री शेवटचा हात दिला आणि धूळ बसू नये म्हणून वर पत्र्याची पेटी पालथी घातली. सकाळी पेटी उचलली, तर सासूबाईंनी पहिल्यांदा हळदकुंकू वाहिलं, मग मला गाडीला हात लावू दिला. टपावर शिडी आहे, दार उघडतं, हॉर्नचा रबरी गोळा दाबला तर बारीक वाजतोसुद्धा. तो यांनी बसवला.

एक गोष्ट घोटाळ्याची झाली होती. मकबूलभाईंच्या सांगाड्यात मागच्या उजव्या स्प्रिंगला पोलादी पट्ट्यांचे पाच पाटे होते आणि डाव्या स्प्रिंगला चारच. पार्सलात एक गळून पडला असणार. गाडी एका अंगाला झुकायची. इतक्या मोठ्या मिस्त्रीला कसं कळवायचं, म्हणून मी गप्पच बसले. घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा कापला, पाचवा पाटा घातला आणि गाडी ओळंब्यात आणली. वहीत तेवढं लिहून ठेवलं आहे, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

शेजारच्या गौराबाई उद्या मंगळवारच्या देवीदर्शनाला येत आहेत. पेटी मांडीवरून उतरवणार नाही, अशी त्यांना शपथ घातली आहे. आबा काय म्हणाले ते शब्द न् शब्द कळवा. मला इथं अन्न गोड लागणार नाही.

सर्वांना नमस्कार. धाकटीची आठवण असू द्यावी.

नीला

तुळजापूर, ता. १९ मार्च १९६१

चि. सौ. नीलास अ. उ. आ.

तू शब्द न् शब्द मागितलेस, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

पाडव्याच्या दिवशी गुढी उभारली आणि गाडी आबांच्या मांडीवर ठेवली. टपावरून हात फिरला, शिडीच्या पायऱ्या मोजल्या, हॉर्न दाबला. चेहरा असा फुलला, की चारुशीलेनं माझा दंड धरला. मग हात मागच्या चाकांशी गेला. गाडी त्यांनी चौरंगावर ठेवली, टपाच्या दोन्ही कडांवर तळवे टेकले. म्हणाले, काम लई झकास, पोरीच्या हाताला कसब आहे, पण ही आपल्या जोडीच्या शांतलिंग ड्रायव्हरची सतरा नंबर आहे, आपली न्हाय. शांतलिंगला नेऊन द्या, खूश होईल. आणि भिंतीकडे वळले.

मी समजावलं, आकडाही सोळाच घातला आहे म्हणून सांगितलं. त्यावर म्हणाले, आकडा काय, कुणीही रंगवतो.

मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातून काही राहिलं असं मला वाटत नाही. जेवत जा.

तुझा
दादा

येरमाळा, ता. ६ एप्रिल १९६१

नीलाताईंना मकबूलचा सलाम.

येडेश्वरीच्या यात्रेच्या गाड्यांनी जीव खाल्ला, वही आज हातात पडली. तुमी पाचवा पाटा घातला म्हनून वाचलं आन् म्या कपाळावर हात मारला. ताई, पाटा हरवला न्हवता. म्या चारच घातले होते. लढाईच्या साली माल मिळंना, तवा उस्तादच्या गाडीची डावी स्प्रिंग चार पाट्यांवर बसवली. तात्पुरती म्हनून बसवली, ती गाडी मोडीत निघंपर्यंत तशीच ऱ्हायली. सोळा नंबर डाव्या अंगाला कलायची. म्हनून तर उस्ताद उजवीकडं रेलून चालवायचे, बारा वर्सं.

तुमी उस्तादची लेक, तुमाला हे काय सांगायचं, म्हनून लिव्हलं न्हाय. कसूर माझा. पाटा काढा. उस्तादला सांगा, मकबूल इसरला न्हाय.

मेहेरबानी असू द्या.

मकबूल

मुरुम, ता. ९ एप्रिल १९६१

ती. दादांस सा. न. वि. वि.

मकबूलभाईंचं कार्ड सोबत आहे, आधी ते वाचा. वाचलंत? दादा, आपण जन्मभर त्या गाडीत बसलो आणि मोटार अशीच उभी राहते असं समजलो! आणि मी शहाणी, तिला सरळ करायला गेले!

आता पुढचं. गाडी पालथी करा, मागचं डावं चाक. सगळ्यांत खालचा पाटा निळसर दिसेल, तो माझा. एकच स्क्रू आहे. यांचा बारका स्क्रू-ड्रायव्हर पाकिटात घातला आहे. आबांना काही बोलू नका, नुसती हातात द्या.

उलट टपाली लिहा, नाहीतर मीच येऊन धडकेन.

नीला

तुळजापूर, ता. १३ एप्रिल १९६१

चि. सौ. नीलास अ. उ. आ.

पाटा काढला. काल दुपारी चहानंतर काही न बोलता गाडी आबांच्या पुढ्यात चौरंगावर ठेवली. पुन्हा तीच का, म्हणून कुरकुरले. मग तळवे टपाच्या कडांवर टेकले. डावा हात खाली गेला, उजवा वर राहिला. नीला, ते एकदम उजवीकडे कलले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मी जवळ गेलो तर ओळीनं थांबे म्हणत होते, उस्मानाबादपासून येरमाळ्यापर्यंत.

मग विचारलं, चार पाटे तिला कुणी सांगितले? मकबूलचं नाव ऐकून रडले. रडून झाल्यावर कोट मागितला.

चार वाजता आम्ही स्टँडवर होतो. गाडी मांडीवर आणि भोवती सगळे ड्रायव्हर-कंडक्टर. प्रत्येकाला टपावर हात ठेवायला लावत होते आणि गाडी कोणत्या अंगाला कलते ते विचारत होते. तिन्हीसांजेला ओढून घरी आणलं. आज पुन्हा जायचं म्हणून सकाळपासून कोट घालून बसले आहेत.

वही इकडे धाड. हॉर्नचा गोळा विरुपाक्षरावांनी दोन बोटं पुढं बसवला आहे, तेवढं आबांना वहीत लिहवून घ्यायचं आहे.

चारुशीलेचे आशीर्वाद. तक्क्या तिनं माळ्यावर टाकला.

तुझा
दादा