कांद्यातले हिरवे दाणे

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मी नापास झाले, ते तुझ्या चित्रामुळे.

कांद्याची पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली बघून पेशी काढायच्या होत्या. मी साल आयोडीनच्या थेंबात ठेवली, वरची काच अलगद टेकवली, एकही बुडबुडा येऊ दिला नाही. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या आणि प्रत्येकीत कडेला चिकटलेलं केंद्रक. तेवढंच काढलं. बाईंनी लाल रेघ मारून विचारलं, हरितलवकं कुठे आहेत? दिसली नाहीत, असं मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या, तू रंगवलेल्या तक्त्याकडे बोट केलं. त्यात हिरवे दाणे आहेत, म्हणजे माझ्याही चित्रात हवेत! न दिसलेलं काढणार नाही म्हटलं, तर मी उद्धट ठरले.

बाबा म्हणतात, जीवशास्त्राचं खूळ पुरे, आता आपल्या फ्रेमच्या दुकानात बस. आई गप्पच आहे. तुझे दाणे माझ्या मुळावर उठलेत. कांद्यात ते असतात की नाही, एवढं तरी कळव.

रागावलेली, पण तुझीच,
ठिणगी

दि. ९ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून माझं डोकं असं तापलं की हातातला ब्रश तसाच वाळून गेला. अगं, कांदा मातीत वाढतो. तिथे उजेड नाही, मग उजेडावर अन्न करणारे दाणे हवेत कशाला? तू काढलंस तेच बरोबर.

आणि मला बोल लावतेस? तक्ते रंगवून पोट भरते मी, पण डोळे मिटून नाही रंगवत. मधली मोठी पेशी नमुन्याची आहे. पेशीत काय काय असू शकतं, ते एका जागी कळावं म्हणून काढलेली. तशी पेशी कांद्यात शोधणं म्हणजे शुद्ध वेडेपणा! म्हणूनच तिच्याखाली खऱ्या पेशींची एक ओळ काढली होती. पानाची, मुळाची, कांद्याच्या सालीचीही. सालीत हिरवा ठिपकासुद्धा नव्हता.

ती ओळ भिंतीवर दिसत नसेल, तर तुझ्या बाबांनाच विचार. शाळेने तो तक्ता भाऊजींच्याच दुकानात मढवून घेतला होता. आणि बाईंना विचार, सूक्ष्मदर्शक काय शोभेला ठेवलाय?

दुकानात बसायचं नाही. आईला सांग, मी सांगितलंय म्हणून.

तुझ्याहून जास्त चिडलेली,
मावशी

दि. १७ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना विचारलं. ते बिनदिक्कत म्हणाले, कापली पट्टी. दुकानात उरलेली काच तेवढीच होती, खालची ओळ बसत नव्हती, आणि मोठं चित्र तर शाबूत होतं ना? मी काही बोलायच्या आत आईच कडाडली. काच वाचवायला पोरीचं वर्ष कापलंत, असं म्हणाली. आईचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा तोंड पाडून माझ्याबरोबर शाळेत आले. बाईंनी नव्याने साल काढली आणि खूप वेळ बघत राहिल्या. मग बाबांनी डोळा लावला. यात हिरवं काहीच नाही, असं तेच आधी म्हणाले. मला पूर्ण गुण मिळाले, दुकानाचा विषय संपला, आणि बाबांनी मोठी काच घेतली आहे. तेवढी ओळ पुन्हा काढून पाठव.

पण मावशी, माझा राग काही जात नाही. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला विचारलं, तुला दाणे दिसले होते का? तिलाही नव्हते दिसले. मग सगळ्या वर्गाला विचारत सुटले. एकालाही दिसले नव्हते. सगळ्यांनी तक्त्याकडे बघून काढले आणि सगळे पास झाले.

लोभ आहेच, तो राहू दे. राग मात्र मी सोडणार नाही.

तुझी,
ठिणगी